पैसेच पाहिजे तं डोंगा कायले वल्हवतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर पवनीच्या एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जावं तिथे हाच प्रश्न, "पैसेच पाहिजे तं सरळ माग ना बाप्पा, डोंगा कायले वल्हवतं?"

माझ्या भाचीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, त्या आजारासाठीच मी डोंगा वल्हवून पैसे जमवतो. पयले कळलं कोणाला तर माझ्या आईला, ती म्हणे या पोरीचा मुका घेतला का खारट लागते, आम्ही हसलो. मग दोन वर्षं न्यूमोनिया, टीबीचा संशय, अंगाला काही लागेना, शेवटी नागपुरात घामाची टेस्ट झाली तेव्हा आईचं खरं निघालं. एका जीनमध्ये दोष असतो, त्याने शरीरातलं मीठ-पाणी नीट हलत नाही, छातीत कफ डिंकासारखा चिकटतो, खाल्लेलं पचत नाही अन् घामातून मीठ वाहून जाते. आपल्या इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, तेव्हा ताई तिच्यामागे मिठाचं पाणी घेऊन फिरते.

आता डोंग्याचं. मोबाईलवर एका शर्यतीचा व्हिडिओ दिसला, 'क्रॉसिंग फॉर सिस्टिक फायब्रोसिस'. बहामाजच्या बिमिनी बेटावरून लोक मध्यरात्री निघतात, फळीवर उभं राहून वल्हवत फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागतात, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, अन् त्यावर या आजारासाठी पैसे जमवतात. समुद्रच का, तर त्यालाही कारण आहे. ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं का समुद्रात सर्फिंग करणाऱ्या पेशंटची छाती बरी राहते, त्यावर अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, म्हणूनच आज भाची मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने घेते (लाइट असली तर). आमची वैनगंगा मात्र गोड्या पाण्याची, तिथे फक्त घाम खारट.

अन् पेशंट कमी म्हणजे औषध कंपनीला त्यात रस कमी, एवढा साधा हिशोब आहे. अमेरिकेत १९५५ मध्ये आईबापांनीच संस्था काढली, वर्षानुवर्षं पैसे गोळा केले, तेच पुढे कंपनीला संशोधनाला दिले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये मुळावर काम करणारं पहिलं औषध आलं. २०१९ मध्ये त्याहून चांगलं आलं, तिकडे तेव्हा त्याची किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास होती. आमचं सगळं धानाचं शेत विकलं तरी एक वर्ष निघत नाही.

सरळ मागून पाहिलं ना मी. लोक "बिचारी पोरगी" म्हणतात, शंभरची नोट देतात अन् विषय संपला. डोंगा काढला तर विचारतात किती झालं, कुठवर पोचला, अन् मग आजाराचं नावही विचारतात. कोणाच्या घरी खारट मुक्याचं लेकरू असलं तर त्याला कळलं तरी पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये १४ किलोमीटर वल्हवलं. डोंगा ज्या ढिवर काकांचा, ते सोबत बसले, अर्ध्यात म्हणाले, "मास्तर, तुमच्यानं होत नाही, द्या इकडे," मी काही दिलं नाही, त्यात अर्धा तास वाया गेला अन् तळहात सोलले ते वेगळंच. काठावर भाची उभी होती. तिने माझ्या हाताला बोट लावलं, चाटलं अन् म्हणाली, "ह्यॅ मामा, माझ्यापेक्षा कमी खारट हाय."