आईला मी कंजूष म्हटलं होतं

परदेशातल्या एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, अर्जासोबत एक निबंध जोडावा लागतो: हा विषय का निवडला, इथवर कसे आलात. माझा विषय जलव्यवस्थापन. आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि भांडी विसळलेलं पाणी अंगणात शिंपडायला, हे आईचं रोजचं गणित. पाणी पुरवून कसं वापरावं हे मी कॉलेजच्या आधी तिच्याकडून शिकलो, एवढंच मला लिहायचं होतं.

तेव्हा त्याच प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेचा अभ्यास जोरात चालू होता. इंग्रजी शब्दांच्या यादीत थ्रिफ्टी, फ्रूगल आणि पार्सिमोनियस हे तीन शब्द एका ओळीत होते आणि तिघांच्या पुढे अर्थ एकच, काटकसरी. थ्रिफ्टी मला फारच साधा वाटला. पार्सिमोनियस भारदस्त होता, तो मी आईला लावला.

कॉलेजातल्या मॅडमना मसुदा दाखवला. त्यांनी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "आई कंजूष आहे का रे तुझी?"

"नाही मॅडम, काटकसरी आहे."

"मग हे काय लिहिलंयस?"

त्या दिवशी होस्टेलवर परत येताना फार वाईट वाटलं. व्याकरणाची चूक झाली असती तर इतकं लागलं नसतं. जिचं ऋण मानायला ते वाक्य लिहिलं, तिलाच मी नावं ठेवली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या सुरुवातीच्या तुकड्यांतला मी. शब्द म्हणजे स्पेलिंग आणि अर्थ, पाठ करा आणि पुढे चला, ही सवय तिथूनची. पुण्यात ज्या क्लासला गेलो तिथेही तेच होतं: रोज तीस शब्द, प्रत्येकाला चार समानार्थी, शनिवारी चाचणी. चाचणीत मला पैकीच्या पैकी पडायचे. प्रत्यक्ष परीक्षेत व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला, १४५ आले. गुण १३० ते १७० मध्ये मिळतात, म्हणजे काय झालं ते समजून घ्या.

माती खाल्ली ती मुख्यतः 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स'मध्ये. एका वाक्यात एक गाळलेली जागा, खाली सहा शब्द, त्यांतले दोन असे निवडायचे की वाक्याचा अर्थ दोन्ही वेळा सारखाच राहील. दोन्ही बरोबर हवेत, एकाला अर्धा गुण नाही. यादी पाठ असलेला विद्यार्थी आधी सहांमधली समानार्थी जोडी शोधतो, आणि सापळा नेमका तिथेच असतो. समजा वाक्य असं आहे, की त्याची उत्तरं दोन-चार शब्दांची असत, पण प्रत्येक उत्तर वर्मावर बोट ठेवणारं. पर्यायांत टॅसिटर्न आणि रेटिसंट आहेत, लॅकोनिक आणि टर्सही आहेत. माझ्या यादीत चौघांचा अर्थ 'कमी बोलणारा'. पण पहिले दोन न बोलण्याबद्दल आहेत आणि दुसरे दोन थोडक्यात बोलण्याबद्दल. उत्तर दुसरी जोडी.

हे मला क्लासात कळलं नाही. कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत, स्वयंपाकघरात. आई शेजारच्या एका मुलाबद्दल म्हणाली, "घुमा आहे मेला." मी सहज विचारलं, "घुमा म्हणजे अबोलच ना गं?"

"एक कसं असेल? अबोल माणूस बोलत नाही, संपलं. घुम्याच्या मनात काहीतरी शिजत असतं."

"आणि भिडस्त?"

"त्याला बोलायचं असतं, पण समोरच्याला काय वाटेल म्हणून गप्प बसतो."

चुलीपुढे बसून, कुठलाही कोश न उघडता, तिने तीन समानार्थी शब्द तीन दिशांना नेऊन ठेवले. मला जाणवलं की शब्दांतले असे भेद ओळखायची नजर माझ्याकडे आधीपासून आहे. ती फक्त मराठीत आहे, आणि इंग्रजी शिकताना मी ती दाराबाहेर काढून ठेवतो.

तिथून वही बदलली. यादीऐवजी एका पानावर एक कुटुंब. बारीक माणसाचं पान आधी मराठीतून भरलं: शेलाटी, सडपातळ, किडकिडीत, हाडकुळा, खंगलेला. मग प्रत्येकासमोर इंग्रजीतला सोयरा बसवला. स्लेंडर हे कौतुक आहे, म्हणून ते शेलाटीसमोर. स्किनी किडकिडीतपाशी. गॉन्ट म्हणजे गाल बसलेला, हाडं वर आलेला. इमेशिएटेड म्हणजे आजाराने किंवा उपासमारीने खंगलेला. असं मांडल्यावर कोणता शब्द कोणाच्या तोंडावर म्हणता येईल आणि कोणता म्हणता येणार नाही, हे आपोआप दिसू लागतं.

हट्टाचं पान मला सगळ्यात आवडतं. टिनेशस म्हणजे चिवट. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या क्रियापदात आहे, आणि आपणही चिकाटीने धरून ठेवलं म्हणतोच. रेझोल्यूट निश्चयी. ऑब्स्टिनेट हट्टी. इन्ट्रॅन्सिजंट म्हणजे तडजोडीला तयारच नसलेला, आडमुठा. एकच स्वभाव, पण आपल्या माणसात असला की चिवटपणा आणि विरोधकात असला की आडमुठेपणा. शब्द निवडताना आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत हे सांगून टाकतो. पार्सिमोनियसने मला हेच शिकवलं होतं.

भीतीच्या पानावर मात्र मराठीच पुढे गेली. भीती, धास्ती, धडकी, दहशत इथपर्यंत जोड्या लागल्या. पण धाक, वचक आणि दरारा? ऑ (awe) या शब्दात आदर आणि भीती दोन्ही आहेत, तो दराऱ्याच्या जवळ जातो. वचकाला एक शब्द मला अजून मिळालेला नाही. भिडस्तालाही नाही, डिफिडंट जवळचा असला तरी त्यात स्वतःवरचा अविश्वास आहे, दुसऱ्याची भीड नाही. अशा जागा मी मोकळ्याच ठेवल्या. ओढूनताणून जोडी लावली की पुढे तीच दगा देते.

इंग्रजीत इतके समानार्थी शब्द आले कुठून, हे वाचल्यावर पाठांतराचा शीण बराच कमी झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही पिढ्या दरबारची भाषा फ्रेंच राहिली. चर्च आणि विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून मेंढपाळाकडे शीप राहिली आणि साहेबाच्या ताटात फ्रेंचमधून मटण आलं, तेच आपल्याकडेही पोचलं. म्हणून आस्क हा घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला आणि इंटरॉगेट लॅटिन. आपल्याकडेही आजी खुशाली विचारते, पोलीस चौकशी करतात, आणि पृच्छा बहुधा कागदावरच होते. हे लक्षात आल्यावर नवा शब्द भेटला की मी आधी बघायचो, हा स्वयंपाकघरातला की कचेरीतला.

या कामात मोल्सवर्थ फार उपयोगी पडला. त्याच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि तो आता इंटरनेटवर फुकट पाहता येतो. बहुतेक जण जुन्या मराठी शब्दाचा अर्थ बघायला तो उघडतात. मी उलट्या कामाला वापरला: ओळखीचा मराठी शब्द काढायचा आणि त्याच्यापुढे कोणकोणते इंग्रजी शब्द ओळीने दिलेत ते बघायचं. काही आता जुनाट झालेत, म्हणून प्रत्येक शब्द आजच्या कोशातल्या उदाहरणवाक्यात तपासूनच वहीत घ्यायचो. उदाहरणवाक्य नसलेला शब्द वहीत नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही.

उजळणीसाठी चपलांच्या तीन रिकाम्या खोक्यांत चिठ्ठ्या ठेवल्या. आठवलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलेली परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. रोज तीसऐवजी आठच शब्द होत.

पाच महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. व्हर्बल १५८.

निबंध मी त्याआधीच दुरुस्त केला होता. पार्सिमोनियसच्या जागी फ्रूगल घातला. पाठवण्याआधी फोनवरून आईला ते वाक्य मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काटकसरी बरोबर आहे. पण दारात आलेल्याला पाणी देताना मी कधी हात आखडला नाही. तेही लिही."

ती संध्याकाळ 'हात आखडणं' शोधण्यात गेली. शेवटी स्टिंट हे क्रियापद सापडलं, आणि त्याच्याच घरातला अनस्टिंटिंग. हात न आखडता देणारी. दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवले आणि अर्ज पाठवला.