तलावात नव्हे, तलावाकाठी

येरळवाडीच्या तलावावर आम्हाला अकरा पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, दिसले. अकराच. जानेवारीत मी घरच्यांबरोबर तिथं गेले होते, तेव्हा थवा मोजता मोजता दोनदा चुकले होते. मधल्या अडीच महिन्यांत आमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि हंस उत्तरेला गेले. मुलांना पाणथळीवर न्यायचा विचार असलेल्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी एका मास्तरणीची चिडचिड म्हणून वाचलं तरी हरकत नाही.

सुरुवात नोव्हेंबरातली. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह. ५ तारखेला वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा. आठवीच्या वर्गात मी रोहित पक्ष्याचं (फ्लेमिंगोचं) चित्र लावलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ही पाखरं खरीखुरी कुठं असत्यात?" आमची शाळा सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला. सातारा जिल्ह्यातली मायणी आम्हाला सांगलीपेक्षा जवळ. मायणीवरून वडूजच्या बाजूला गेलं की येरळवाडी. आमच्या शिवाराजवळून वाहणारी येरळा तिथं अडवलेली आहे. "तुमच्याच नदीवर येतात," असं मी बोलून गेले आणि अडकले.

पालकांची संमतीपत्रं, समितीचा ठराव, आगारातलं बुकिंग, सगळं आठवड्याभरात झालं. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे पैशाचाही प्रश्न आला नाही. राहिला फक्त परवानगीचा कागद.

डिसेंबरात शिक्षण खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. आवक नंबर, म्हणजे अर्ज नोंदवल्याचा क्रमांक, मागून घेतला नाही, ही माझी पहिली चूक. तुम्ही घ्या, आणि पोचेवर शिक्काही मारून घ्या. जानेवारीत अर्ज परत आला. कोपऱ्यात हिरव्या शाईत दोनच शब्द होते: "फेरसादर करावे." का, ते नाही. मुख्याध्यापक सरांना वाटलं हस्ताक्षर वाचता येत नसेल, म्हणून तोच मजकूर आम्ही टाइप करून पाठवला. तोही परत. हिरवी शाई तीच, शब्द तेच.

मग मी स्वतः गेले. साहेब दौऱ्यावर. पुढच्या बुधवारी गेले, तर साहेब होते पण ज्यांच्याकडे सहलींच्या फायली ते प्रशिक्षणाला. तिसऱ्या वेळी दोघंही भेटले. मला हायसं वाटलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मॅडम, हे जिल्ह्याबाहेर आहे." मी म्हटलं, सर, जिल्ह्याच्या गावाला जायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात आम्ही तिथं पोचतो. ते हसले. "अंतराचा प्रश्न नाही हो, हद्दीचा आहे." त्यासाठी वेगळं पत्र जोडा म्हणाले. जोडलं. फाईल परत आली. फेरसादर.

तोवर फेब्रुवारी सरत आला होता. पट्टकादंब आपल्याकडे फक्त हिवाळ्यापुरते असतात. विणीसाठी ते तिबेट, मंगोलियाकडे जातात आणि जाताना हिमालय ओलांडतात. सात हजार मीटरच्या वर त्यांची उड्डाणं नोंदली गेली आहेत. आणि इथं माझा कागद तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर चढत नव्हता. हे मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा बोलून दाखवलं की शेवटी सहकारी मला बघून उठून जायला लागले.

उलगडा केला तो शिपाईमामांनी. चौथ्या खेपेला मी बाकड्यावर बसले होते. मामा पाणी घेऊन आले, माझ्या हातातला अर्ज वाचला आणि म्हणाले, "तुमी 'तलावात पक्षी निरीक्षण' लिवलंय न्हवं. पोरं पाण्यात न्यायची परवानगी कोन दील, मॅडम?"

मी कागद उजेडात धरला. 'तलावात' या शब्दाभोवती पेन्सिलीचं पुसट वर्तुळ होतं. तीन वेळा कागद माझ्या हातात आला होता आणि तीनही वेळा मी फक्त हिरवी शाई बघत बसले होते.

मी मराठी शिकवते, त्यामुळे हे जरा जास्तच लागलं. सप्तमीचा एक 'त'! आपण 'रानात मोर पाहिला' म्हणतो, तसंच मी लिहिलं होतं. पण अर्ज वाचणाऱ्याला अडतीस मुलं पाण्यात उतरलेली दिसली असणार. त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. समुद्र, धरण, नदी हे शब्द दिसले की सही करणाऱ्याचा हात थांबतो, आणि थांबावाच. माझा राग वेगळा आहे. पेन्सिलीनं गोल करायला वेळ होता, तर "पाण्यात उतरणार का?" एवढे तीन शब्द लिहायला काय झालं होतं?

नवा अर्ज मी तिथंच बाकड्यावर लिहिला: "तलावाच्या काठावरून, पाण्यापासून किमान ५० फूट अंतरावर थांबून पक्षी निरीक्षण करणे. कोणताही विद्यार्थी पाण्यात अथवा चिखलात उतरणार नाही." चौथ्या दिवशी सही झाली. मुख्याध्यापक सर म्हणाले, तुमचं व्याकरण कामाला आलं. मी काही बोलले नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. पहाटे साडेपाचला एसटी शाळेपुढं हवी, याबाबत अजिबात ऐकून घेऊ नका. नऊनंतर ऊन तापतं आणि तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतून सगळं थरथरतं दिसतं. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरते. त्याहून जास्त मोठं दाखवणारी मुलांच्या हातात हलते. आमच्याकडे दोनच होत्या, म्हणून वर्गाच्या चार तुकड्या केल्या. दोन तुकड्या दुर्बिणीवर, दोन वहीवर.

उशीर झाल्याचा एक फायदा मात्र झाला, कबूल करते. पाणी मागं हटून चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि चिखलावरचे पक्षी अगदी समोर होते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी हलवणारे धोबी, सारख्या चोची मारणाऱ्या तुताऱ्या. तुतारीची नेमकी जात ओळखायच्या भानगडीत मुलांना पाडू नका, मीही पडत नाही. थोडं आत चक्रवाकाची जोडी आणि वारकऱ्यांचा मोठा जथा. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा बघून मुलांनी वारकरी न सांगता ओळखले.

रोहित होते. डोकं उलटं करून पाण्यात चोच घालतात, हे चित्रात कळत नाही. एका मुलीनं ओणवं होऊन पायांच्या मधून बघितलं आणि म्हणाली, "बाई, त्यास्नी जग असं दिसतंय." त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातून आणि बारीक जीवांतून, हे सांगितल्यावर डब्यातलं बीट कुणी खायचं यावर मारामारी झाली.

पट्टकादंब सगळ्यात शेवटी दिसले, पलीकडच्या काठावर चरताना. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून साफ दिसत होते. सूर्य आमच्या पाठीशी होता म्हणून दिसले. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, हे आधी सांगायला हवं होतं. मुलांनी मोजले, अकरा. पुन्हा मोजले, अकराच. "बाकीचे कुठं गेले?" या प्रश्नाला मी हिमालयाचं उत्तर दिलं, हिरव्या शाईचं नाही.

परतताना मायणीच्या तलावावर अर्धा तास थांबलो. बाभळींवर बगळे होते, पण तोवर मुलांचं लक्ष भेळेकडे लागलं होतं. हा सगळा टापू २०२१ पासून पक्षी संवर्धन राखीव आहे, म्हणून भेळेचे कागद मी मोजून परत घेतले. अडतीस दिले होते, एकेचाळीस परत आले. तीन कुणाचे, माहीत नाही.

आणि हो, गणवेश. सहलीला गणवेश सक्तीचा, आणि आमच्या मुलांचे शर्ट पांढरेशुभ्र. पाखरांना पांढरं लांबून दिसतं. मी प्रत्येकाला घरून आईची जुनी मळखाऊ ओढणी किंवा बाबांचा टॉवेल आणायला सांगितला होता आणि तो खांद्यावरून घ्यायला लावला. अडतीस बुटकी म्हातारी माणसं बाभळीमागं दबून बसल्यासारखी दिसत होती. परवानगीच्या अर्जात हे लिहू नका.