रामेश्वरममध्ये कलामांच्या शोधात

रामेश्वरमला आपली मंडळी बावीस तीर्थांच्या स्नानासाठी जातात आणि कलाम स्मारक जाता जाता उरकतात. माझं म्हणणं, त्याला अर्धा दिवस द्या.

मशीद स्ट्रीटवरचं कलामांचं घर मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संग्रहालय वरच्या मजल्यावर. जिना अरुंद आहे, वयस्कर मंडळी सोबत असतील तर सकाळी गर्दी व्हायच्या आत जा. मंदिर दुपारी साधारण एक ते तीन बंद असतं, ती वेळ पेईकरुंबूच्या स्मारकासाठी ठेवा. पांबनकडून गावात येतानाच ते रस्त्यावर लागतं. आत फोटो काढू देत नाहीत. 15 ऑक्टोबर आणि 27 जुलै, म्हणजे जयंती आणि पुण्यतिथी, टाळलेली बरी.

2017 साली उद्‌घाटन झालेलं हे स्मारक डीआरडीओने, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेने बांधलं. बाहेर क्षेपणास्त्राची प्रतिकृती, आत वीणा वाजवत बसलेले कलाम. या पुतळ्याजवळच्या भगवद्गीतेवरून तेव्हा वाद झाला होता. मी मात्र त्या वीणेवरच्या बोटांकडेच बराच वेळ बघत राहिलो.

इथे शास्त्रज्ञ भरभरून भेटतो, राष्ट्रपती त्या मानाने कमी. म्हणून 2002 ते 2007 चा काळ आधी वाचून जा. मे 2005 मध्ये मॉस्कोत असताना त्यांनी बिहार विधानसभा बरखास्त करण्यावर सही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. 2006 मध्ये मात्र लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे खासदारांना ठरावीक सरकारी पदं सांभाळायची मुभा देणारं, त्यांनी फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केल्यावर घटनेनुसार सही करावीच लागली. पण राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का नव्हे, हे त्या एका कृतीने दिसलं. मला त्यांचा खरा राजकीय वारसा तिथे वाटतो.

त्यांच्या नावाची बाकीची ठिकाणं बघायची म्हणाल, तर दिल्लीतल्या औरंगजेब रोडला 2015 मध्ये त्यांचं नाव दिलं, पण तिथे बंगल्यांच्या भिंतींपलीकडे पाहण्यासारखं फारसं नाही. ओडिशातलं अब्दुल कलाम बेट, पूर्वीचं व्हीलर बेट, क्षेपणास्त्र चाचण्यांचं ठिकाण आहे, ते सहलीच्या यादीत धरू नका. त्यापेक्षा उरलेली संध्याकाळ धनुष्कोडीला द्या. पाणी आणि टोपी बरोबर घ्या, वाटेत सावली जवळजवळ नाहीच.