दीडशेची टॉकीज

आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या राइस मिलच्या जागेवर नवीन टॉकीज झाली. दोन पडदे, एसी, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, सगळं शहरासारखं आणि तिकीट १५० रुपये, शनिवार-रविवार १८०. तेव्हापासून पानठेल्यावर पिक्चर कसा आहे हे कोणी विचारतच नाही, सगळे दीडशेवर अडून बसलेत. एकाचं म्हणणं, नागपूरले दोनशे-अडीचशे पडतात, वरून एसटीचं भाडं, मंग हे तं फुकटच झालं ना राजा. दुसरा लगेच, "अबे पण नागपूरले गेला का माणूस दवाखाना करते, बाजार करते, साळ्याच्या घरी जेवते, पिक्चर तं वरकमाई हाय." दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

इकडे कोणत्याही वस्तूची किंमत शेवटी रोजीत मोजली जाते. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी आपल्या राज्यात ३१२ रुपये रोज होती, म्हणजे नवरा-बायको पिक्चरला गेले की एक दिवस गेलाच समजा, दोन पोट्टे सोबत असले की दोन दिवस, आणि अजून पॉपकॉर्नच्या काउंटरकडे कोणी पाहिलेलंसुद्धा नाही. धानात मोजायचं तर २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ होता, किलोला चोवीस रुपयेही पडत नाहीत, तेव्हा एका तिकिटात सहा किलोच्या वर धान जातो. मी हा हिशोब घरी मोठ्या रुबाबात सांगितला तर आई म्हणे, "मंग पोतंच घेऊन जाय ना खिडकीवर."

पण तिकिटात काय काय येतं तेही पाहायला पाहिजे ना. सिनेमावाल्यांच्या नकाशात आमचा भाग अजून सी.पी. बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किट म्हणूनच ओळखला जातो, तो इंग्रजांच्या वेळचा प्रांत जाऊन जमाना झाला तरी धंद्यात नाव तेच. रिळांच्या काळात या सर्किटच्या टोकाला असलेल्या आमच्यासारख्या गावात पेट्या पोचायच्या त्या मोठ्या शहरांत फिरून फिरून झिजलेल्या, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा आणि मधेच दोन सीन गायब, आणि पिक्चर लागेपर्यंत त्याची गाणी लग्नाच्या बँडवाल्यांनाही जुनी झालेली असायची. आता मुंबईत ज्या शुक्रवारी लागतो त्याच शुक्रवारी इथं लागतो. शेवट कोणाला माहीत नसताना पिक्चर पाहणं ही चैन आमच्या गावाला पहिल्यांदाच मिळून राहिली आहे, तिचे थोडे पैसे द्यायला माझी ना नाही.

खरी अडचण मोबाइलची नाहीच, लोक उगाच मोबाइलला दोष देतात. इथं टॉकीजची बरोबरी होते ती नाटकाशी. आम्ही झाडीपट्टीतले लोक, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा पट्टा, दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्तानं गावागावात नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथं जाऊन गाववाले नाटक ठरवतात, जसं लग्नाचा मंडप ठरवावा तसं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा इकडे असं वाटलं की आपल्याच वाड्यातल्या कोणाला तरी मिळाली. तर या नाटकाला जमिनीचं तिकीट वेगळं, खुर्चीचं वेगळं, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडणार आणि संपणार पहाटे, मधे गाणी, विनोद, लावणी, रडारड, सगळं त्याच तिकिटात. शिवाय त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, सोयरिकीच्या गोष्टी त्याच मंडपात निघतात. माझी मावशी नवीन टॉकीज पाहून आली आणि पहिला प्रश्न हाच, "दीडशे रुपयात फक्त तीन घंटे? अन् त्यातही अर्धा घंटा जाहिराती?"

मी तिला म्हटलं मावशी घंट्यावर भाव लावशील तर कीर्तन सगळ्यात महाग पडायला पाहिजे. ती म्हणे कीर्तनाचं तिकीट नसते. विषय संपला.

आणि तरीही मे महिना आला की हा सगळा हिशोब उलटा होतो. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचं नाव देशाच्या बातम्यांत येतं ते काही चांगल्या कारणानं येत नाही, पारा ४५-४६ वर गेला की आमचा पट्टा टीव्हीवर दिसतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, लाइन गेली तर कूलर बंद, घरात बसावं तर पत्रे तापलेले. अशा वेळी बाराच्या शोचं तिकीट काढणारे अर्धे लोक पोष्टरकडे पाहतसुद्धा नाहीत. आमच्या गल्लीतले एक काकाजी मागच्या उन्हाळ्यात असेच जाऊन बसले, पिक्चर दक्षिणेचा डब केलेला, मारामारीचा, त्या आवाजात माणूस झोपेल कसा देव जाणे, पण हे टायटलपासून जे झोपले ते इंटरवलला पाणी पिऊन परत झोपले आणि बाहेर येऊन सांगतात, "लय वसूल झाला बाप्पा पिक्चर." मला विचाराल तर मे महिन्यात दीडशे स्वस्त आहेत आणि डिसेंबरात तेच दीडशे महाग आहेत, पण भाव मात्र बारा महिने एकच, हे काही मला पटत नाही.

मालकाला कोणी बोललं की तो जीएसटीकडे बोट दाखवतो. त्याचं खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, आधी १२ होता, आणि शंभराच्या वर गेलं की सरळ १८. आता दीडशेच्या तिकिटातून कर काढा, जवळपास तेवीस रुपये गेले, उरले एकशे सत्तावीस. त्यातले पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरला अर्धे जातात असं धरू, मल्टिप्लेक्सवाल्यांचा २००९ मध्ये निर्मात्यांशी तंटा मिटला तेव्हा असंच ठरलं होतं, पहिला आठवडा ५० टक्के, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, मग ३०. छोट्या टॉकीजचा सौदा थोडा इकडेतिकडे होत असेल पण अंदाजाला चालतं. म्हणजे मालकाच्या हातात दीडशेतले त्रेसष्ट-चौसष्ट. हेच तिकीट करासकट शंभर केलं तर कर पाचही रुपये नाही, अर्धे वाटून मालकाला साडेसत्तेचाळीस. बघा मजा, आपले पन्नास वाचतात आणि त्याचे फक्त सोळा जातात! बाकीचे चौतीस सरकार आणि डिस्ट्रिब्युटरच्या वाट्याचे. दीडशेत तीन माणसं आली काय आणि शंभरात चार आली काय, त्याला पैसे तेवढेच, आणि चौथा माणूस इंटरवलला काहीतरी खाणारच. डिस्ट्रिब्युटर मोठ्या पिक्चरला भाव पाडू देणार नाही हे मला कळतं, पण मंगळवारी सकाळच्या शोला अख्ख्या हॉलमध्ये सहा डोकी असतात तेव्हा कोणता भाव धरून ठेवताय भाऊ?

आणि भाव पाडला तर लोक येतात हे काही मी एकटाच सांगत नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभर राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून ७५ रुपये तिकीट ठेवलं होतं तर एका दिवसात ६५ लाख लोक पिक्चरला गेल्याचं मल्टिप्लेक्सवाल्यांनीच सांगितलं. पुढच्या वर्षी तेच ९९ रुपयांत केलं. वर्षातून एक दिवस जे जमतं ते आठवड्यातून दोन दिवस का जमू नये.

खाण्याचं तर विचारूच नका. पॉपकॉर्नचा छोटा डबा १२० रुपये, म्हणजे जवळपास दुसरं तिकीटच. बाहेरचं आत न्यायचं नाही, आणि तो हक्क टॉकीजवाल्याला आहे हे सुप्रीम कोर्टानंच जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलं, त्यामुळे आमच्या वहिनींचे लाखोळीच्या डाळीचे वडे पर्समधून पकडले गेले तेव्हा भांडायला काही जागाच नव्हती. पण त्याच निकालात पिण्याचं चांगलं पाणी फुकट द्यायचं हेही म्हटलंय. ते इथं आहे, पण नळ जिन्याखाली, बाटल्यांच्या फ्रिजमागे असा लपवलाय की शोधायला इंटरवल पुरत नाही. माझं म्हणणं, पॉपकॉर्न राहू द्या शहरातल्या लोकांसाठी, इथं गरम आलुबोंडा ठेवा वीस रुपयाला. बाहेरच्या गाडीवर पंधराला मिळतो, पाच रुपये जास्त घ्या, कोणी काही बोलणार नाही, अख्खी टॉकीज खाईल. पॉपकॉर्नवर एकात जेवढं सुटतं तेवढं आलुबोंड्यावर सुटत नाही हे मान्य, पण सहा जणांतल्या एकानं पॉपकॉर्न घ्यायचा आणि शंभरातल्या ऐंशींनी आलुबोंडा, यात कोणता धंदा मोठा हे राइस मिल चालवलेल्या घरातल्या माणसाला मी सांगायची गरज नसावी.

मोबाइलवरून तिकीट काढलं की वर सोयीचे म्हणून पैसे लागतात, त्यावर परत १८ टक्के. त्याच्यावर मी बोलत नाही, टॉकीज घरापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि खिडकीवरचा पोरगा ओळखीचा आहे.

तर मालकाला माझा निरोप एवढाच, पानठेल्यावर वाचून दाखवेन कोणीतरी पोचवेल. सोमवार ते गुरुवार शंभर करा. मे महिन्यात दुपारचा एक शो वाढवा आणि त्याचे पूर्ण दीडशे घ्या, आम्ही हसत देऊ. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री साडेनऊचा शो लावूच नका, बाजूच्या कोणत्या ना कोणत्या गावात नाटक असतंच, मागच्या जानेवारीत तुमचा मशीनवाला पोरगासुद्धा इंटरवलनंतर पिक्चर चालू सोडून तिकडेच गेला होता, खुर्चीचं तिकीट काढून.