गळती स्लॅबला, खेटे बँकेचे

पहिल्यांदाच सांगून टाकते, नाहीतर पुढे राहून जाईल. मंडळीसाठी (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या संस्थेसाठी) निधी गोळा करायचा विचार असेल, तर पत्रकं छापण्याआधी पासबुक काढा आणि खात्यावर सह्या कुणाकुणाच्या आहेत ते बघा. आम्ही ते सगळ्यात शेवटी बघितलं आणि साडेपाच महिने हकनाक घालवले.

आमची गोव्यातल्या वास्कोतली छोटी मराठी मंडळी. बंदर, शिपयार्ड, नौदल अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने कोल्हापूर, मिरज, नगरकडून आलेली साठेक कुटुंबं. चर्चची इमारत (आमची जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात) चाळीसेक वर्षांची, वर सपाट स्लॅब. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी स्लॅबच्या पोटातल्या सळ्या गंजून फुगल्या. सळई फुगली की खालचं काँक्रीट सुटतं. गेल्या जुलैत उपदेश चालू असताना हाताएवढी खपली थेट पेटीवर येऊन पडली. पेटी वाजवणारा मुलगा त्याच वेळी पाणी प्यायला बाहेर गेला होता म्हणून बरं. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेला कधी नव्हे ती माणसं दाटीवाटीने बसली.

सभेत ठरायला वेळ लागला नाही. गंजलेल्या सळ्या साफ करायच्या, जिथे गरज तिथे नव्या घालायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं आणि पालिकेची परवानगी घेऊन वर पत्र्याचं छप्पर घालायचं. तीन कोटेशनं आली, नऊ लाखांपासून चौदा लाखांपर्यंत. नऊवाल्याने हळूच सांगितलं, बिल नको असेल तर आणखी कमी होईल. बिल घेतलं की १८ टक्के जीएसटी लागतो, हे खरं. पण उद्या एखाद्या सभासदाने उभं राहून ‘हिशोब दाखवा’ म्हटलं तर तोंडी आकडे सांगत बसायचे का? आम्ही मधला घेतला, पक्क्या बिलाचा.

एकाच गोष्टीवर पंच (मंडळीचे कारभारी) अडून बसले. हा पैसा रविवारच्या अर्पणाच्या खात्यात मिसळायचा नाही. पूर्वी एकदा मिसळला होता आणि त्यावरून दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. २०११ साली उघडलेलं ‘इमारत निधी’ नावाचं वेगळं खातं होतंच, त्यात एक लाख चौऱ्याऐंशी हजार पडून होते. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणाले, “मग प्रश्नच मिटला, ताई. तुम्ही कोषाध्यक्ष, उद्या जाऊन क्यूआर कोड घेऊन या.”

उद्या! सप्टेंबर होता तो.

त्या खात्यावर तीन सह्या होत्या. एक जुने सेक्रेटरी, ते प्रभूमध्ये निजले. दुसरे नौदलातले एक सभासद, त्यांची बदली विशाखापट्टणमला. तिसरे मास्तर, निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेलेले. शिवाय २०१७ नंतर खात्यात एकही व्यवहार नाही. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, हे मला तिथे काउंटरवर कळलं. (ते पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. तुमच्याकडे कुणी मागितले तर हे ऐकवा.)

पहिल्या खेपेला सांगितलं, लेटरहेडवर ठराव आणा. नेला. दुसऱ्या खेपेला, ठरावात जुन्या सह्यावाल्यांची नावं हवीत आणि हयात असलेल्यांचं संमतिपत्र. विशाखापट्टणमहून पत्र मागवलं, तर सही जुळत नाही. २०११ ची सही आणि आताची सही! त्या माणसाच्या मिशासुद्धा तेव्हाच्या राहिल्या नाहीत. शेवटी त्यांनी तिथल्याच शाखेत जाऊन सही पडताळून, शिक्का मारून कागद पाठवला. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. मास्तरांचं पत्र मात्र एका फटक्यात पास झालं. मास्तरांचं अक्षर तीस वर्षं तसंच आहे.

तिसऱ्या खेपेला मृत्यूचा दाखला. नेला. चौथ्या खेपेला काउंटरवरच्या साहेबांनी आमचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅनकार्ड शेजारी शेजारी ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ठेवत ठेवत अक्षरं मोजली. प्रमाणपत्रावर ‘मंडळी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एल, पॅनवर एक. “मॅडम, या दोन वेगळ्या संस्था झाल्या.” मी म्हटलं, साहेब, त्याच पॅनवर तुमच्याच बँकेत तेरा वर्षं हे खातं आहे. त्यावर ते म्हणाले, “तेव्हा सिस्टिम वेगळी होती.” पॅन दुरुस्तीला टाकलं. नवं कार्ड यायला महिना गेला.

त्या महिन्यातच आमचा हंगामाचा सण आला. लोकांनी उपासनेत आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तो या वेळी इमारतीसाठी होता. एक साधा नारळ अकराशेला गेला. घेणाऱ्याने तो परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली लागली, असा तो चार वेळा विकला गेला. एका आजीबाईंनी कोंबडी आणली होती, ती आठशेला. सगळे मिळून एकसष्ट हजार चारशे जमले आणि ठेवायला खातं नाही. कुणीतरी म्हणालं, तात्पुरते ताईंच्या गूगल पेवर घेऊ. मी साफ नाही म्हटलं आणि आजही म्हणते. मंडळीचा एक रुपयासुद्धा स्वतःच्या खात्यात घेऊ नका, कितीही विश्वासाची माणसं असली तरी. शेवटी अर्पणाच्या खात्यात भरले, पंचांच्या सह्यांनिशी वेगळ्या पानावर नोंदवून. म्हणजे जे नको होतं तेच झालं.

पाचव्या खेपेला पॅन जुळलं. मग निघालं, नवीन कार्यकारिणी तुम्हीच कशावरून? आमची मंडळी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली. महाराष्ट्रातून आलेल्यांना वाटतं इथेही धर्मादाय आयुक्त असतील. नाहीत, त्यांचा महाराष्ट्रातला कायदा गोव्यात लागू नाही. आपलं दप्तर जिल्हा निबंधकांकडे. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी तिथे द्यायची असते, आणि आम्ही ती सात वर्षं दिली नव्हती. ही चूक सर्वस्वी आमची. कदंबच्या शटलने मडगावला दोनदा गेले, तेवढ्यात ते निस्तरलं. शिक्क्याची प्रत हातात आली तेव्हा मी बसस्टँडवर एकटीच दोन समोसे खाल्ले.

सहाव्या खेपेला ते साहेब बदलून गेले होते. नव्या मॅडमनी फाइल उघडली आणि विचारलं, “ठराव कुठाय?” तो सप्टेंबरचा होता, आता म्हणे ताजा हवा.

त्या दिवशी मी घरी येऊन ईमेल लिहिला. सहा तारखा, प्रत्येक वेळी काय मागितलं, काय दिलं, एवढंच. खाली एक ओळ: काय काय कागद हवेत त्याची एकच पूर्ण यादी लेखी द्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करू. चौथ्या दिवशी शाखेतून फोन आला, “ताई, या ना, चहा घ्या.” फेब्रुवारीच्या मध्यावर खातं चालू झालं. हा ईमेल दुसऱ्या खेपेलाच लिहायला हवा होता. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं आणि दर वेळी वेगळं मिळतं.

परदेशातल्या पैशाचं मध्येच सांगायचं राहिलं. आमच्या दोन मुली इंग्लंडमध्ये नर्स आहेत. एकीकडे भारतीय पासपोर्ट आहे, तिने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. दुसरीने तिथलं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे तिचे पैसे परदेशी देणगी ठरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत. नोंदणी करायची तर तीन वर्षांत संस्थेच्या कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा, वर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं. आमच्यासारख्यांना ते जमणारं नाही. तिच्या आईला हे सांगायला मीच गेले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “याच देवळात तिचा बाप्तिस्मा झालाय.” गोव्यात तर पोर्तुगीज पासपोर्टवाली घरं किती आहेत. पत्रकावर ‘परदेशी नागरिकांची देणगी घेता येत नाही’ ही ओळ आधीच छापा, म्हणजे कुणाला दारातून परत पाठवावं लागणार नाही.

आणि हो, करसवलतीचं विचारतात. निव्वळ धार्मिक संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (लोक तिला ८०जी म्हणतात) सहसा मिळत नाही, तेव्हा कबूल करून बसू नका.

खातं चालू झाल्याच्या रविवारी पहिली पावती कोंबडीवाल्या आजीबाईंनी फाडून घेतली, पाचशेची. मी क्यूआर कोड पुढे केला तर म्हणाल्या, “हे काय, कागद दे.” आता एप्रिल चाललाय, परांची लागली आहे, साडेआठ लाख जमलेत. ठेकेदार मेअखेरचं कबूल करतोय. पेटीवर मात्र मी अजून प्लास्टिक घालून ठेवलंय.