बोंडूचा डाग

आमच्याकडे काजूच्या बागेत बी पिळून घ्यायची आणि बोंडू तिथंच टाकायचा, ही रीत. बीच्या आठ-दहापट वजनाचं ते रसाळ फळ झाडाखाली कुजायचं, गुरं तोंड लावायची. आम्ही पोरं मीठ लावून चोखायचो, घसा खवखवायचा, आणि कपड्यांवर रस सांडला की आईचा मार ठरलेला. धुतल्यावर डाग जायच्या ऐवजी काळपट व्हायचा.

तोच बोंडू दोडामार्ग ओलांडून डिचोली तालुक्यात शिरला की साहेब होतो, हे मला चाळिशीत कळलं. मामींच्या माहेरी तीन पिढ्यांची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी आहे. एप्रिलमध्ये गेले. पत्ता विचारावा लागला नाही, नाकच घेऊन गेलं. पिकलेलं, आंबलेलं आणि वर धुराचं, असा तिपेडी वास.

आजोबा झाडाखालून बोंडू वेचत होते. मी सवयीनं फांदीकडे हात नेला तर ओरडलेच, "झाडावयलो काढूचो नाय! तो आपणाहून पडाक होयो."

कातळात कोरलेल्या कुंडीत, तिला कोळंबी म्हणतात, पूर्वी बोंडू पायांनी तुडवत. आता त्यांच्याकडे यंत्र आहे. आजोबांना ते आवडत नाही, सुनेला आवडतं, आणि तुडवायचं काम कोणावर यायचं हे पाहता माझं मत सुनेच्या बाजूनं. चोथ्यावर दगड ठेवला की निथळतो तो निरो. बाकीचा रस तीनेक दिवस आपसूक आंबतो, साखर नाही, यीस्ट नाही. मग तांब्याचं भांडं, खाली लाकडं. पहिल्या धारेचा तो हुर्राक. त्यात आंबवलेला रस घालून पुन्हा भाटी लावली की फेणी. आजोबांनी नारळाच्या करवंटीत उंचावरून धार सोडली आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघत राहिले. शेजारी नातवानं मद्यमापक काढून ठेवला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, भाटी इथल्या माणसांची. 2009 साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे नातवानं अभिमानानं सांगितलं तेव्हा आजोबा लाकडं सारत होते.

हुर्राक मी लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घोटभर घेतला. निघताना सुनेनं प्लास्टिकच्या बाटलीत निरो भरून दिला, "लगेच पिया हां, वहिनी."

लगेच कुठलं! नाक्यावर पोलिसानं बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "काय हा ह्या?" "रस." त्याला पटलं नसावं, पण सोडलं. सावंतवाडी येईपर्यंत बाटली फुगून टणक झाली होती. झाकण जरा फिरवलं मात्र, अर्धा निरो गाडीच्या छताला, अर्धा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर.

घरी आईनं दारातच पाहिलं. वय ऐंशी, नजर तीच. "खंयच्या झाडाखाली गेलेलंय?"