फॉर्ममध्ये नसलेला रकाना

फ्युएल सेलच्या बायपोलर प्लेटसाठी (एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये वीज नेणारा पत्रा) ३१६एल या स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम नायट्राइडचा थर द्यायचा होता. पत्रे कापणं, पॉलिश, अॅसिटोनमध्ये धुणं हे सगळं दोन दिवसांत उरकलं. मग स्पटरिंगच्या (व्हॅक्यूममध्ये धातूचे अणू उडवून पातळ थर चढवण्याच्या) सामायिक यंत्रासाठी अर्ज केला आणि गाडी तिथेच अडली.

अर्जात थराचं नाव, जाडी आणि नमुन्याचं माप, एवढेच रकाने. पाच आठवड्यांनी नंबर लागला. नमुने चंदेरी, एकसारखे, बघत राहावेत असे आले. कार्बन पेपरमध्ये (कार्बन तंतूंचा वीजवाहक कागद) धरून, दर चौरस सेंटिमीटरला १४० न्यूटन दाब देऊन संपर्करोध, म्हणजे दोन पृष्ठभाग टेकतात तिथे विजेला होणारा अडथळा, मोजला. तो १० मिलीओहम-चौ. सेंमी.च्या आत हवा होता. निघाला चाळीसच्या वर! पेपर बदलला (तो दरवेळी नवाच घ्या, एकदा चेपला की आकडे फसवतात), तरी तेच. शेवटी कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून ओढली, तर थर पट्टीबरोबर निघून आला.

यंत्र चालवणाऱ्याला फोन करून विचारलं, "थर देण्याआधी आर्गॉन आयनांनी पृष्ठभाग साफ केला होता ना?"

"फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं नव्हतं."

मला अजून त्याचा राग येतो. स्टेनलेस स्टीलवर हवेत क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो. गंजापासून तोच वाचवतो, पण वीजही तोच अडवतो. तो न काढता वर काहीही चढवलं तरी अडथळा आत राहतोच. यंत्र चालवणाऱ्यांना हे माहीत असतं, पण फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. आणि माझा नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी.

दुसऱ्या खेपेला जाडीच्या रकान्यातच लिहिलं: 'आधी आर्गॉन एचिंग, मग व्हॅक्यूम न मोडता शुद्ध क्रोमियम, त्यावर नायट्राइड.' एचिंग म्हणजे तीच आयनांची सफाई. आणि त्या दिवशी यंत्रापाशी उभा राहिलो. तुम्हीही राहा. या वेळी रोध ८ आला.

एक सांगायचं राहिलं, कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. थर कितीही चांगला असो, आम्ल कडेतून शिरतं आणि लोहाचे आयन सुटतात. सेलमध्ये हेच आयन हायड्रोजन पेरॉक्साइडपासून मुक्तमूलकं (अतिशय क्रियाशील रेणूतुकडे) तयार करून मेम्ब्रेन, म्हणजे सेलमधला पातळ पडदा, खातात. मी कडांना एपॉक्सी लावून ८० अंशांवर, पीएच ३च्या सल्फ्युरिक आम्लात नमुना सोडला. सहा तास गंजण्याचा प्रवाह दर चौ. सेंमी.ला १ मायक्रोअँपिअरच्या खाली राहिला, तेव्हाच घरी गेलो.